झेड ड्राइव्ह दिसत नाहीये

शुक्रवारची पहिली पाळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान युनिटात कॉम्प्रेसर धापा टाकू लागलाय, चहाची किटली एकदा फिरून गेलीय, आणि व्हीएमसी यंत्रावर फिक्स्चर चढवून तयार असलेला सेटर ऑफिसच्या दारात येऊन उभा राहतो. "साहेब, झेड ड्राइव्ह दिसत नाहीये."

युनिट कल्पनेतलं आहे, अडचण नाही. चार-सहा सीएनसी यंत्रं आणि त्या सगळ्यांच्या मागे उभा असलेला एकच सामायिक कॉम्प्युटर, असं चित्र पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात जागोजागी आहे. ड्रॉइंगं, एनसी प्रोग्रॅम, तपासणीचे अहवाल सगळं त्या एका डब्यात असतं. विंडोजवाल्यांना ते 'झेड ड्राइव्ह' म्हणून दिसतं. प्रत्यक्षात तो डबा केबिनमागच्या कोंदट खोलीत जिन्याखाली ठेवलेला असतो आणि त्यावर लिनक्स चालत असतं. त्याचा पडदा कोणी महिनोन्‌महिने पाहत नाही. आज पाहिला, तर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर: यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये आहे, पुढे जायचं तर रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड द्या.

काय झालं असेल याचा माग काढायचा तर आदल्या दिवसाकडे जावं लागतं. या पट्ट्यातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. आणि महावितरणही देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवते ती बहुतेक गुरुवारीच. यूपीएसने तासभर तग धरला आणि मान टाकली. दुपारी वीज आली तसा कॉम्प्युटर आपोआप उठला, कारण वीज आली की उठायचं हे त्याला शिकवलेलं होतं. उठल्यावर त्याने आपली यादी वाचली. यादीत तीन डिस्क होत्या. तिसरी होती बॅकअपची यूएसबी हार्ड डिस्क, आणि ती मालकांनी बुधवारी संध्याकाळी घरी नेली होती. आग लागली, चोरी झाली तर एक प्रत बाहेर असावी हा त्यांचा विचार शहाणपणाचाच. पण कॉम्प्युटरला तो कोणी सांगितला नव्हता. त्याने नव्वद सेकंद डिस्कची वाट पाहिली, ती आली नाही, आणि त्याने पुढे जायला नकार दिला.

बिघडलं काहीच नव्हतं. यंत्राने यादीतली ओळ शब्दशः पाळली होती.

ती यादी म्हणजे 'एफएसटॅब' नावाची साधी मजकुराची फाइल, जेमतेम दहा-पंधरा ओळींची. कोणती साठवण कुठे जोडायची, कशी जोडायची आणि ती सापडली नाही तर काय करायचं हे तिच्यात लिहिलेलं असतं. या जोडण्याच्या क्रियेला 'माउंट करणं' म्हणतात.

शब्द वर्कशॉपला नवा नाही. मोटर माउंट करतात, टेबलावर फिक्स्चर माउंट करतात. कॉम्प्युटरच्या जगातही तो आधी असाच अंगमेहनतीचा शब्द होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या पिढीच्या यंत्रांची माहिती चुंबकीय फितीच्या रिळांवर असे. ऑपरेटर कपाटातून हवं ते रीळ काढायचा, यंत्रावर चढवायचा, फितीचं टोक ओवायचा. मग कुठे त्यावरची माहिती यंत्राच्या आवाक्यात यायची.

अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स ही प्रणाली घडवली, तेव्हा त्यांच्या डिस्कही अशाच काढता-घालता येणाऱ्या होत्या. युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे आणि 'माउंट' ही आज्ञा तिच्यात आहे. उलट क्रियेची आज्ञाही आहे, 'यूमाउंट'. खरं तर ती 'अनमाउंट' हवी. त्यातला 'न' तेव्हा गळला तो आजतागायत परत आलेला नाही, आणि नवशिक्यांची बोटं अजून तिथेच अडखळतात. जुलै १९७४ मध्ये दोघांनी युनिक्सची ओळख करून देणारा प्रसिद्ध शोधनिबंध छापला. त्यात वर्णन केलेल्या यंत्राच्या चार ड्राइव्हमध्ये प्रत्येकी अडीच मेगाबाइटची बदलता येणारी डिस्क बसायची. आज सकाळी-सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा फुलाफुलांचा सुप्रभात व्हिडिओही एखाद्या वेळी त्या डिस्कवर मावायचा नाही.

याच निबंधात माउंटची कल्पना एका वाक्यात मांडली आहे. फोल्डरांच्या झाडाचं एक पान काढायचं आणि त्या जागी दुसऱ्या डिस्कवरचं अख्खं झाड लावायचं. मराठी वाचकाला याहून सोपं सांगता येतं, कारण आपल्याकडे त्याला शब्द आहे: कलम. आंब्याच्या खुंटावर दुसऱ्या आंब्याची काडी बांधतात. खुंट वेगळा, काडी वेगळी, पण जोड जुळला की झाड एकच. जिथे काडी बांधली ती जागा म्हणजे माउंट पॉइंट. एवढंच की हे झाड उलटं आहे, गीतेतल्या अश्वत्थासारखं मूळ वर आणि फांद्या खाली. सर्वांत वरचं मूळ एका तिरक्या रेघेने दाखवतात आणि त्याला 'रूट' म्हणतात. डिस्क एक असो की दहा, एक मेजाखाली आणि दुसरी चाकणच्या कारखान्यात असो, वापरणाऱ्याला दिसतं ते एकच झाड.

विंडोजचा वारसा वेगळ्या घराण्याकडून आला. सीपी/एम नावाच्या जुन्या प्रणालीपासून डॉसने डिस्कला अक्षर द्यायची पद्धत उचलली. ए आणि बी फ्लॉपीसाठी, हार्ड डिस्क आली तेव्हा तिला सी. फ्लॉपी जाऊन जमाना झाला, तरी विंडोजची मोजणी सी पासूनच सुरू होते. एकच झाड नाही, तर अक्षरांच्या पाट्या लावलेली वेगवेगळी रोपं. विंडोज २००० पासून तिथेही डिस्क एखाद्या फोल्डरात जोडता येते, पण भोसरीतल्या सेटरला झेडच ओळखीचा आहे आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

कलमाची खूण मात्र लपत नाही. एकाच डिस्कवर चाळीस जीबीची फाइल या फोल्डरातून त्या फोल्डरात हलवली तर काम पापणी लवायच्या आत होतं, कारण माहिती जागची हलतच नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो. तीच फाइल माउंट पॉइंट ओलांडून नेली तर एकेक बाइट उचलून पलीकडे लिहावा लागतो आणि मग जुना पुसावा लागतो. दोन्ही वेळी आज्ञा एकच. "काल लगेच झालं, आज अर्धा तास का?" या प्रश्नाचं उत्तर बहुधा त्या सांध्यात असतं.

साठवणीच्या या धंद्याशी पुण्याचं नातं ग्राहकापुरतं नाही, ते कारागिराचं आहे. व्हेरिटास या अमेरिकी कंपनीचं मोठं विकासकेंद्र वर्षानुवर्षं पुण्यात होतं. बँका आणि टेलिफोन कंपन्यांच्या मोठ्या युनिक्स यंत्रांवर चालणारी व्हीएक्सएफएस ही फाइल सिस्टीम त्याच कंपनीची. अशा कामावर हात बसलेल्या इंजिनिअरांची एक पिढी या शहरात तयार झाली. जसप्रीत सिंग आणि मिलिंद बोराटे हे व्हेरिटासमधून बाहेर पडलेले. २००८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या 'द्रुवा' या बॅकअप कंपनीच्या संस्थापकांत ते आहेत. कंपनीचं नाव ध्रुवताऱ्यावरून घेतलेलं. भोसरीतल्या जिन्याखालच्या डब्याचा बॅकअप बुडावा आणि पंचवीस किलोमीटरच्या आत जगभरच्या बॅकअपचं सॉफ्टवेअर लिहिलं जावं, अशी आपल्याकडची विभागणी आहे.

आता ती फाइल. एफएसटॅबच्या प्रत्येक ओळीत सहा रकाने: कोणती डिस्क, कुठे जोडायची, तिच्यावर कोणत्या जातीची फाइल सिस्टीम आहे, कोणत्या अटींवर जोडायची, आणि शेवटी दोन आकडे. यंत्राशेजारी टांगलेल्या सेटअप शीटसारखंच हे. कोणता जॉब, कोणतं फिक्स्चर, कोणतं टूल, कोणता ऑफसेट. रात्रपाळीला ज्याने शीट लिहिलं तो माणूस हजर नसतो; जे लिहिलंय तेच चालतं.

पहिल्या रकान्यातच पहिला खड्डा आहे. लिनक्स डिस्कला 'एसडीए', 'एसडीबी', 'एसडीसी' अशी नावं देतं, आणि ती देतं डिस्क सापडतील त्या क्रमाने. म्हणजे हे स्टँडवरच्या शेअर रिक्षांचे नंबर झाले. सकाळी तुम्ही तिसऱ्या नंबरच्या रिक्षात छत्री विसरलात आणि संध्याकाळी तिसऱ्या नंबरच्या रिक्षात शोधायला गेलात, तर छत्री मिळेल का? शोधायचं तर एमएच-१४ च्या पुढचे आकडे लक्षात हवेत. डिस्कवरच्या फाइल सिस्टीमलाही अशी नंबरप्लेट असते. तिला यूयूआयडी म्हणतात: बत्तीस अंक-अक्षरं आणि मध्ये चार आडव्या रेघा, मिळून छत्तीस चिन्हं. 'ब्लकआयडी' ही आज्ञा ती वाचून दाखवते. एफएसटॅबमध्ये हीच प्लेट लिहायची. मग डिस्क कोणत्याही खोबणीत लावा, कोणत्याही क्रमाने सापडू द्या, ती आपल्या जागी जाते. नव्या लिनक्सचं इन्स्टॉलेशन हे आपणहून करतं. घोळ होतो तो नंतर घाईघाईत हाताने जोडलेल्या ओळीत.

प्लेटचीही फसगत होते. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर काढली की यूयूआयडीचीही प्रत निघते, आणि एकाच नंबराच्या दोन गाड्या रस्त्यावर येतात. एक्सएफएस ही फाइल सिस्टीम अशा वेळी पोलिसासारखी वागते: एक माउंट झालेली असताना त्याच नंबराची दुसरी ती सरळ अडवते. काही जण याला डिस्क खराब झाल्याचं लक्षण समजून चांगली प्रत फॉरमॅट करून टाकतात.

शेवटचे दोन आकडे पटकन उरकता येतील. पाचवा 'डम्प' या जुन्या बॅकअप-साधनासाठी. साधन विस्मरणात गेलं, रकाना राहिला, त्यात शून्य लिहायचं. सहावा सांगतो की यंत्र सुरू होताना डिस्कची तपासणी करायची का आणि कितव्या क्रमाने. मूळ डिस्कला १, इतरांना २, नको असेल तर ०. एके काळी या आकड्याची धास्ती असे. डिस्क ठरावीक वेळा माउंट झाली किंवा १८० दिवस उलटले की तपासणी सक्तीची व्हायची आणि नेमकी सोमवारी सकाळी सगळे ताटकळायचे. ईएक्सटी३ आणि २००८ अखेर पक्की झालेली ईएक्सटी४ या फाइल सिस्टीम आधी रोजनामचा लिहितात, मग हिशेब पक्का करतात. त्यामुळे वीज गेली तरी परतल्यावर रोजनामच्याची शेवटची पानं चाळली की बहुतेकदा भागतं.

खरी गंमत चौथ्या रकान्यात आहे, अटींच्या. तिथे एखादा शब्द लिहिला नाही तर काय होतं ते शुक्रवारी सकाळी दिसलंच.

'नोफेल' हा तो शब्द. डिस्क मिळाली नाही तरी अडून बसू नकोस, पुढे जा, एवढाच त्याचा अर्थ. तो नसेल तर यंत्र असं गृहीत धरतं की यादीतली प्रत्येक डिस्क अत्यावश्यक आहे. अर्थात हे गृहीतक मूर्खपणाचं नाही. समजा गायब डिस्क बॅकअपची नसून खुद्द ड्रॉइंगांची असती. मग यंत्र हसतमुखाने उठलं असतं, झेड ड्राइव्ह दिसला असता, पण रिकामा. कोणीतरी मागच्या वर्षीचं ड्रॉइंग पेनड्राइव्हमधून काढून त्यावर पन्नास नग पाडले असते. अडून बसणं तिथे उपकारक ठरलं असतं. म्हणून नोफेल सगळ्या ओळींना सरसकट चिकटवायचा नसतो. कोणाशिवाय भागेल आणि कोणाशिवाय भागणार नाही, हे युनिटवाल्यालाच ठाऊक.

याच रकान्यात 'रेलेटाइम' बसतो. युनिक्सची जुनी सवय अशी की फाइल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ डिस्कवर नोंदवायची. म्हणजे ग्रंथालयात पुस्तक चाळणाऱ्या प्रत्येकाने रजिस्टरात सही करायची. वाचनाच्या प्रत्येक कामात लिहिण्याचं काम घुसायचं. २००९ पासून लिनक्समध्ये रेलेटाइम हीच मूळ सवय झाली: आधीची नोंद दिवसाहून जुनी असेल किंवा त्यानंतर फाइल बदलली असेल, तरच नवी सही. 'नोएटाइम' लिहिलं तर रजिस्टरच बंद. बहुतेक कारखान्यांना हा फरक जाणवणारही नाही; हजारो बारीक फाइली रोज चाळल्या जात असतील तिथे जाणवतो.

पेनड्राइव्हची गोष्ट निराळी आणि जास्त जिव्हाळ्याची, कारण या पट्ट्यात प्रोग्रॅम अजूनही बराचसा खिशातून प्रवास करतो. ऑफिसात कॉपी केला, बार पूर्ण झाला, पेनड्राइव्ह उपटला आणि यंत्राकडे धावले. पण बार पूर्ण झाला तेव्हा माहितीचा शेवटचा भाग कॉम्प्युटरच्या स्मृतीतच रांगेत उभा असू शकतो, डिस्कवर उतरलेला नसतो. 'सेफली रिमूव्ह' म्हणजे यूमाउंटच: रांग रिकामी होऊ दे, मग दार बंद कर. ते न करता उपटलं तर प्रोग्रॅम मध्येच तुटतो, शेवटचा एम-३०, म्हणजे प्रोग्रॅम संपल्याची आज्ञा, गायब होतो. कंट्रोलरने अलार्म दिला तर नशीब. 'सिंक' ही अट लावली तर प्रत्येक अक्षर ताबडतोब उतरवलं जातं, पण काम मंदावतं आणि स्वस्त पेनड्राइव्ह लवकर झिजतो.

पेनड्राइव्हवर मराठी नावाची फाइल असेल तर आणखी एक मजा. पेनड्राइव्ह बहुधा एफएटी जातीचा असतो. तो लिनक्सवर माउंट करताना अक्षरांचा संच युटीएफ-८ आहे हे सांगितलं नाही, तर 'तपासणी अहवाल' हे नाव नुसत्या प्रश्नचिन्हांची माळ होऊन समोर येतं. फाइल शाबूत असते, फक्त तिच्या नावाचं भाषांतर झालेलं नसतं. आणि भाषांतर झालं तरी एक अडचण उरते, जी इंग्रजी नावं देणाऱ्यांना कधी भेटतच नाही. ईएक्सटी४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. 'पिंपरी' डोळ्याला तीन अक्षरं, युनिकोडला सहा चिन्हं (दोन प, एक र, दोन वेलांट्या, एक अनुस्वार) आणि डिस्कला अठरा बाइट. म्हणजे मराठी नावाला सगळी मिळून ८५ चिन्हं. पेनड्राइव्हवरच्या लांब नावांची मर्यादा निराळ्या पद्धतीने मोजतात, तिथे देवनागरीची २५५ चिन्हं मावतात. सरकारी थाटाचं 'संदर्भ क्रमांक अमुक दिनांक तमुक अन्वये' असं शंभर-सव्वाशे चिन्हांचं नाव पेनड्राइव्हवर आरामात नांदतं आणि लिनक्सच्या डिस्कवर उतरवताना 'नाव फार लांब' म्हणून हाकललं जातं. डिस्क कितीही रिकामी असो.

कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला, तपासणी विभागात, एक वृद्ध उभा असतो. कोऑर्डिनेट मोजणाऱ्या जुन्या यंत्राला जोडलेला विंडोज एक्सपीचा पीसी. यंत्र उत्तम चालतं, त्याचं सॉफ्टवेअर एक्सपीशिवाय चालत नाही, म्हणून पीसीही राहिला. त्यातले अहवाल जिन्याखालच्या सर्व्हरवर नेटवर्कमधून माउंट केलेले असतात. वर्षानुवर्षं ते चालतं, आणि सर्व्हरवरचं लिनक्स अद्ययावत केलं त्या दिवशी बंद पडतं. संदेश येतो: माउंट त्रुटी ११२, पलीकडचं यंत्र बंद आहे. माणूस चालत जाऊन पाहतो, तर पलीकडचं यंत्र घरघरतंय, पंखा फिरतोय, पडद्यावर कालचा अहवाल उघडा आहे.

हा संदेश खोटा आहे, पण त्यामागे मोठा इतिहास आहे. एक्सपीला फायली वाटून घेण्याची एकच बोली येते, एसएमबीची पहिली आवृत्ती. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला तो याच बोलीतल्या एका भोकातून. मायक्रोसॉफ्टने त्यावरचं ठिगळ मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी लावलं नव्हतं ते सापडले, आणि सापडलेल्यांत चेन्नईजवळचा रेनो-निस्सानचा मोटार कारखानाही होता. दीड महिन्यात 'नॉटपेट्या' आला, त्यात मर्स्क समूहाचा न्हावा-शेवा इथला टर्मिनल ठप्प झाला. चाकणहून निर्यातीला निघालेल्या कंटेनरांची वाट त्याच बंदराकडे जाते. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या लिनक्स कर्नल ४.१३ ने पहिली आवृत्ती आपणहून बोलणं सोडलं. आता सर्व्हर नव्या बोलीत हाक मारतो, वृद्धाला ती कळत नाही, तो गप्प राहतो, आणि सर्व्हर ठरवतो की समोर कोणी नाही.

उपाय चौथ्या रकान्यात एका शब्दाचा आहे. 'व्हर्स' ही अट १.० करायची, की दोघं पुन्हा जुन्या भाषेत बोलू लागतात. इंटरनेटवर हा सल्ला ढिगाने मिळतो आणि बहुतेकदा तो इथेच थांबतो. म्हणजे जे भोक बुजवायला जगाला एवढी किंमत मोजावी लागली, तेच पुन्हा उघडायचं. वृद्धाला सोडता येत नसेल तर निदान त्याला वेगळ्या नेटवर्कवर बसवावं, इंटरनेटपासून तोडावं, आणि त्याची डिस्क 'आरओ' म्हणजे फक्त वाचण्यापुरती माउंट करावी. अहवाल आणायलाच तर जायचंय, लिहायला नाही. 'नोएक्झेक' ही अटही लावतात. तिने त्या डिस्कवरचा प्रोग्रॅम लिनक्सवर थेट चालत नाही. पण विंडोजचा विषाणू त्या फोल्डरात नुसता मुक्कामाला येऊन दुसऱ्या विंडोजकडे जाऊ शकतो, त्याला नोएक्झेकचं सोयरसुतक नसतं.

गंमत म्हणजे नव्या सीएनसी यंत्रांच्या पोटातही लिनक्स असतं. हायडेनहाइनच्या टीएनसी कंट्रोलरची 'हेरोस' ही प्रणाली लिनक्सवर उभी आहे आणि त्यात नेटवर्क ड्राइव्ह जोडायच्या खिडकीत 'माउंट' आणि 'ऑटो' अशा खुणा करायच्या जागा आहेत. सिमेन्सच्या सिन्युमेरिक ८४०डी एसएल या कंट्रोलरच्या पोटातही लिनक्सच. म्हणजे यंत्रासमोर उभा राहून टिकमार्क करणारा ऑपरेटर नकळत १९७१ ची आज्ञा देत असतो.

आता पुन्हा त्या शुक्रवारकडे. पासवर्ड शोधायला पाऊण तास गेला, तो एका जुन्या डायरीच्या मागच्या पानावर मिळाला. बॅकअपच्या ओळीत नोफेल घातला, यंत्र पुन्हा सुरू केलं, झेड ड्राइव्ह आला. पुढच्या गुरुवारी वीज गेली, आली, आणि सर्व्हर विनातक्रार उठला. सगळे खूष. दोन महिने.

आठव्या गुरुवारनंतरच्या शुक्रवारी नवी तक्रार. झेड ड्राइव्ह दिसतोय, पण सर्व्हर कसलीच नोंद लिहू शकत नाही. मूळ डिस्क भरलीय. 'डीएफ' ही आज्ञा सांगते, २४० जीबी पैकी सगळी वापरलेली. 'डीयू' ही आज्ञा फोल्डर एकेक मोजत जाते आणि सांगते, जेमतेम ४० जीबी. दोन मुनीम, एकच गल्ला, आणि हिशेबात २०० जीबीची तफावत.

दोघंही खरं बोलत होते. बॅकअपचा प्रोग्रॅम रोज दुपारी उशिरा तारखेच्या नावाची सुमारे २५ जीबीची नवी प्रत बॅकअप फोल्डरात टाकायचा. गुरुवारी डिस्क मालकांच्या घरी. नोफेलमुळे यंत्र उठलं, पण माउंट पॉइंट म्हणजे शेवटी एक साधा फोल्डर. काडी बांधलेली नसली तरी खुंट असतोच. प्रोग्रॅमने फोल्डर आहे एवढंच पाहिलं आणि प्रत मूळ डिस्कवर उतरवली. शुक्रवारी डिस्क परत आली, त्याच फोल्डरावर माउंट झाली, आणि आदल्या दिवशीची प्रत तिच्याखाली झाकली गेली. पुसली गेली नाही, नुसती दिसेनाशी झाली. डीयू फोल्डरांतून चालत जातो, म्हणून त्याला झाकलेलं दिसत नाही. डीएफ थेट डिस्कला विचारतो, म्हणून त्याला दिसतं. आठ गुरुवार, आठ प्रती.

झाकलेलं पाहायला मूळ डिस्क दुसऱ्या एका रिकाम्या फोल्डरात 'बाइंड' पद्धतीने पुन्हा एकदा माउंट करतात. तिथून पाहिलं की बॅकअप फोल्डर आपल्या उघड्या रूपात दिसतो, आत आठ तारखा.

त्या हटवल्यावर दोन कामं झाली. बॅकअपच्या प्रोग्रॅमला पहिल्या ओळीत शिकवलं गेलं की फोल्डर आहे का हे पाहू नकोस, त्यावर काही माउंट झालंय का ते पाहा. नसेल तर निमूट परत फिर आणि निरोप पाठव. आणि डिस्क काढलेली असताना त्या उघड्या फोल्डराला 'चॅटर' या आज्ञेने अचलतेची खूण लावली. आता डिस्क बसली की नेहमीसारखं लिहिता येतं. डिस्क नसेल तेव्हा खुद्द रूट खात्यालाही तिथे एक अक्षर उमटवता येत नाही.

एफएसटॅबमध्ये काही बदललं की 'माउंट -ए' चालवायचं, म्हणजे यादीतल्या राहिलेल्या सगळ्या ओळी तिथल्या तिथे अमलात येतात आणि चूक असेल तर माणूस समोर असताना कळते. 'फाइंडमाउंट'ला 'व्हेरिफाय' जोडून दिलं तर ती आज्ञा फाइलीतल्या स्पेलिंगच्या आणि पत्त्याच्या चुकाही दाखवते. भोसरीतल्या त्या युनिटात आता ही दोन्ही कामं बुधवारी संध्याकाळी, शटर ओढण्याआधी होतात. बॅकअपची डिस्क यूमाउंट करून पिशवीत जाते, आणि रूटचा पासवर्ड डायरीच्या मागच्या पानावरून बंद पाकिटात, मालकांच्या घरच्या कपाटात.